सुचित्रामावशीचे वटारलेले डोळे

सुचित्रामावशीनं लग्न केलं नाही, आणि त्याचं कारण लालबागच्या आमच्या अख्ख्या चाळीला ठाऊक होतं: तिचे डोळे. परळच्या एका हॉस्पिटलात ती हेडनर्स होती. भेटीची वेळ संपली की वॉर्डच्या दारात नुसते डोळे वटारून उभी राहायची. पेशंटचे नातेवाईक चपला हातात घेऊन पळायचे.

रिटायर झाल्यावर ती दादरला टँगो हा अर्जेंटिनाचा जोडीनं करायचा नाच शिकायला लागली. गुडघ्यांना बरा म्हणे. चाळ पोट धरून हसली. क्लासात सगळ्या बायकाच, त्यात मावशी उंच, त्यामुळे पुरुषाचं काम कायम तिच्या गळ्यात. वैतागून तिनं ब्युनोस आयर्सची तिकिटं काढली आणि सोबतीला मला, सख्ख्या भाचीला, ओढलं. "एकदा तरी खऱ्या पुरुषाबरोबर नाचणार," म्हणाली. एवढ्यासाठी अर्धी पृथ्वी!

सकाळी सान तेल्मो ही तिथली जुनी वस्ती पाहिली. गाइड मुलगी गहिवरून सांगत होती की या वाड्यांत पूर्वी एकेका खोलीत आठ-आठ माणसं राहायची. मावशीनं विचारलं, "आठच?" गाइडचा मूडच गेला.

संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. तिथं हाक मारून कोणी बोलावत नाही. पुरुष लांबून बघतो, बाईनं नजर दिली तर मान हलवतो आणि उठून येतो. मावशीकडे बरेच जण बघत होते. पण परका पुरुष बघतोय म्हटल्यावर तिचे डोळे आपोआप वटारले जायचे. एक टकल्या दचकला. दुसरा थेट बाथरूमला गेला. तिसऱ्यानं कोटच उचलला.

"मावशी, हॉल रिकामा करशील!"

मावशी चिडली की मालवणीवर येते. "मेले बापये बघतत कशाक?"

"अगं, नाचायला बोलावतायत!"

ती नव्या बुटांकडे बघत बसली. मला तिची दया आली. राग आला तो ज्यांच्या नजरांमुळे तिला असं बघायची सवय लागली, त्या सगळ्या मेल्यांचा.

मग तिनं मान वर केली. समोर पांढऱ्या मिशीचे एक आजोबा बसले होते. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली, न वटारता. जमत नव्हतं, पापण्या फडफडत होत्या, पण नजर हलवली नाही. आजोबांनी आधी मागे वळून पाहिलं. मग छातीवर बोट ठेवलं: मी? मावशीनं मान हलवली.

नाचताना सुरुवातीला क्लासातल्या सवयीनं तीच त्यांना ओढत होती. हळूहळू सैलावली. परत आली तेव्हा घामाघूम झाली होती आणि डोळे भरले होते.

"कसं वाटलं?"

"प्रिती, मी बापयाक बोलावलंय," ती म्हणाली. "आणि तो इलो गो."