सोमीचा मंगळवारचा फोन

मूल गेलेल्या घरी जाऊन आईबापांना आधार द्यायचा, असं आमचं काम. ‘त्यात किस्से कसले?’ असं लोक विचारतात. एकदा आमच्या संस्थेच्या जव्हारच्या ऑफिसात येऊन बसा, मग कळेल!

*

पहिल्या ट्रेनिंगला ठाण्याच्या मॅडम म्हणाल्या, "आईला शांत, बंद खोलीत बसवा. टिश्यूचा बॉक्स हाताशी ठेवा."

मी बॉक्स घेऊन सूर्यमाळला गेले. घराला खोली एकच. त्यात सासू, दीर, जावा आणि कोंबड्या. सासूनं एक कागद उलटसुलट पाहिला.

"याचा काय करायचा?"

"डोळे पुसायचे, आजी."

आजीनं पदर पुढे केला. "मंग हा काय फाटलाय?"

*

भेटी तीनच. तिसरी झाली की केस बंद.

"आणि तिसऱ्या भेटीतही आई रडत असेल तर?" मी साहेबांना विचारलं.

साहेब मोठे समजूतदार. "रिमार्कचा रकाना कशाला दिलाय?"

*

फीडबॅक फॉर्मचा शेवटचा प्रश्न: ‘ही सेवा पुन्हा घ्यायला आवडेल का?’

कुठल्या तोंडानं विचारणार! मी रकाना कोरा सोडला. फॉर्म ‘अपूर्ण’ म्हणून परत आले. मग सगळ्यांच्या वतीनं मीच ‘नाही’ लिहिलं. महिन्याभरात ठाण्याहून पत्र: ‘आपल्या भागात सेवेबद्दल नाराजी दिसते. खुलासा करावा.’

*

खोडाळ्याजवळच्या पाड्यावरच्या सोमीची रोशनी तापानं गेली. वर्षाचीही नव्हती. सासूची ताकीद होती, गेलेल्या पोरीचं नाव घरात काढायचं नाही. सोमी तर दोन भेटींत एक अक्षर बोलली नव्हती.

आणि तिच्या मोबाइलवर दर मंगळवारी रेकॉर्डेड फोन: "रोशनीच्या आई, रोशनीची लस बाकी आहे!"

माझं डोकंच फिरलं. गेलेल्या लेकराला कसली लस? त्या फोनवाल्यांच्या ऑफिसात सहा चकरा मारल्या. तिथला ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, मूल पाच वर्षांचं झालं की फोन आपोआप बंद होतो."

मी भांडले. अर्ज दिला, मृत्यूचा दाखला जोडला, आणि एकदाचं यादीतून नाव काढायला लावलं. वर्षभरात मी केलेलं एकमेव खरं काम!

त्याच आठवड्यात, बुधवारी, केस बंद करायला ऐटीत पाड्यावर गेले. सोमी मोबाइल मांडीवर घेऊन दारात बसली होती. मला पाहिलं आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"ताई, काल फोन नाय आला. तिचा नाव तो येकलाच घ्यायचा."