वीणा कोणाच्या गळ्यात: गिरगाव ते दादर, सप्ताहाच्या पहाऱ्याला

दादरला जायचं ठरलं तेव्हा आमच्या भजनी मंडळातले दोन मुख्य गडी एकमेकांशी बोलत नव्हते. लोक प्रवासाची तयारी म्हणून फराळ बांधून घेतात, घोंगडी झटकून ठेवतात. मी फक्त मन घट्ट केलं, कारण त्या दोघांमधला टपालवाला मीच होतो.

आधी मंडळाची ओळख करून देतो. आम्ही सगळे हौशी. प्रत्येकाचा पोटाचा उद्योग वेगळा, आणि दर गुरुवारी संध्याकाळी मुगभाटातल्या माझ्या खोलीत भजन. वासुनाना पखवाज वाजवतात. दिवसभर ते कापडाच्या पेढीवर बसतात, वयाने आमच्यात थोरले आहेत, आणि त्यांच्या पखवाजाला दुसऱ्या कोणी बोट लावलेलं त्यांना खपत नाही. सखाराम गातो. तो मूळचा मालवणकडचा, लालबागच्या गिरणीत साच्यावर कापड विणतो. त्याने आवाज लावला की वाडीतल्या बायका हातातलं काम टाकून सज्जात येतात, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक आहे. तिघे टाळकरी आहेत. मला गाता येत नाही आणि वाजवताही येत नाही, म्हणून वीणा माझ्या गळ्यात.

भांडणाचं मूळ गोकुळाष्टमीतलं. भर अभंगात सखाराम थांबला, नानांकडे वळला आणि चारचौघांत टाळी वाजवून त्यांना ठेका दाखवू लागला. नानांनी तो अभंग तसाच पुरा केला. दसऱ्याला त्यांनी उट्टं काढलं. लय अशी चढवत नेली की वरच्या सुरावर सखारामचा आवाज फाटला आणि मांडवातले लोक हसले. तेव्हापासून अबोला. दोघे एकाच सतरंजीवर बसायचे आणि बोलायचे माझ्याशी. नाना म्हणत, "त्याला सांग, पालुपद दोनदाच घे." सखाराम म्हणे, "तेका सांग, ठेको हळू धर. माझो गळो म्हणजे गिरणीचो भोंगो नाय." मधे हातभर जागा, पण निरोप माझ्यामार्फतच जायचा.

दादरच्या आदल्या गुरुवारी नानांनी सांगून टाकलं, "शब्द दिलाय म्हणून दादरला येतो. तिथून आलो की पखवाज खुंटीला." सखारामला परळच्या एका मंडळाचं बोलावणं आलं होतं, आणि तो नाही म्हणाला नव्हता. हे दोघे गेले की टाळकरी काय टाळ घेऊन माझं तोंड बघत बसणार आहेत? बायको जाऊन मला दीड वर्ष झालं. मूलबाळ नाही. आठवड्यातून एकदा त्या खोलीत माणसांचा आवाज होतो तो गुरुवारी. तोही गेला तर मी त्या चार भिंतींत काय करायचं, हा विचार मला झोपू देत नव्हता.

आता वाट सांगतो, कोणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. रविवारी सकाळी आम्ही गिरगाव रस्त्यावर ट्राम धरली आणि पायधुणीला बदलून भायखळ्याला उतरलो. माणशी आणा-दोन आणे पडतात. पखवाज मांडीवर घेतलात तर कंडक्टर कुरकुर करतो पण चालवून घेतो. भायखळ्यापासून परळ रोडने चालत निघावं. मार्गशीर्षातली हवा असली तर चालायला मजा येते. चिंचपोकळीपर्यंत बागबंगले दिसतात, पुढे धुरांड्यांचं राज्य लागतं, आणि रस्त्यावर कापसाचं तूस इतकं उडतं की पागोटं झटकावं लागतं.

लालबागला सखारामच्या चाळीत थांबायचं होतं. त्याच्या बायकोने आमच्यासाठी घावणे आणि नारळाचा रस केला होता. आम्ही आत शिरलो. नाना दाराबाहेर पायरीवरच बसले. "मला उपास आहे," ते मला म्हणाले. तिथी नवमीची होती. सखाराम चुलीकडे तोंड करून बसला, जणू बाहेर कोणी नाहीच. टाळकरी भराभर गिळू लागले, म्हणजे एकदाचं तिथून सुटता येईल. तेवढ्यात वहिनी पदर खोचून ताट घेऊन बाहेर गेल्या आणि नानांसमोर उभ्या राहिल्या.

"भांडाण तुमचा त्यांच्याशी. घावण्यांनी तुमचा काय घोडा मारला?"

नानांनी एक घावण उचललं आणि उभ्याउभ्याच खाल्लं. रस घेतला नाही. ताट परत आलं ते सखारामने पाहिलं, आणि पुढच्या वाटेवर तो सगळ्यांच्या पुढे कासराभर अंतर ठेवून चालत राहिला.

परळ मागे पडलं की गिरण्या विरळ होतात आणि भातखाचरं लागतात. कापणी होऊन गेली होती. दादरच्या बाजूला माड आणि ताड दिसू लागले, समुद्राचा वास येऊ लागला. तिथे एक भंडारी नुकताच ताडावरून उतरला होता. त्याने आम्हाला नीरा दिली आणि देवाच्या कामाला निघालात म्हणून पैसे घेईना. बाकीच्यांनी घोटभर घेतली. मी फुकटची म्हणून पोटभर प्यालो. वाचकहो, एक ध्यानात ठेवा: नीरा प्यायची तर पहाटे. ऊन चढलं की तिची ताडी होते ते सगळ्यांना माहीत आहे. मी प्यालो ती नीराच होती, असं मी अजूनही म्हणतो.

देऊळ माडांच्या वाडीत आहे. कौलारू, बुटकं, बाजूला विहीर. सप्ताह तिथल्या कोळ्यांचा, आणि सगळी व्यवस्था भिकोबा नावाच्या म्हाताऱ्याकडे. सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड नाम चालतं. त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते. वीणा घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतो, मग वीणा घेतो, मग देणारा त्याच्या पाया पडतो. तिथे वय, जात, पगार कोणी बघत नाही. तिथली आणखी एक रीत म्हणजे वीणा उपाशी पोटी धरायची. प्रसादाच्या पंगतीतून जेवून उठलेल्याने तिला हात लावायचा नाही. आम्ही वाटेत थोडं खाल्लंय हे मी भिकोबाला सांगून टाकलं. "न्याहारी चालल," तो म्हणाला, "भात नको."

दुपारपासून संध्याकाळपर्यंतचा पहारा आमचा होता. पाळ्या मी लावल्या आणि त्यात मला फार हुशारी वाटली. सखारामनंतर मी, माझ्यानंतर नाना, नानांनंतर पुन्हा मी. म्हणजे त्या दोघांवर एकमेकांच्या पाया पडायची वेळच येणार नव्हती. टाळकऱ्यांना मी जेवायला पाठवून दिलं, म्हणजे वीणा धरायला आम्ही तिघेच उरलो. नानांनी आवाज भरायला पखवाजाला कणीक लावली, सखारामने वीणा गळ्यात घेतली, आणि सुरुवात झाली.

सखाराम त्या दिवशी जीव तोडून गायला. नानांनी ठेका चोख धरला, पण कोरडा. एकही बोल जास्तीचा नाही. सखारामने जागा सोडली की एरवी नाना तिथे काहीतरी भरायचे. आता तिथे नुसती पोकळी राहायची. ऐकणाऱ्या कोळणींना त्यात काही खटकलं नसेल. मला मात्र दाताखाली खडा यावा तसं होत होतं.

माझी पाळी जवळ आली आणि पोटात नीरेने बंड केलं. मी माडांच्या मागे पळालो. परत येऊन विहिरीवर आंघोळ करणं भागच होतं, त्याशिवाय वीणेला शिवता येत नाही. आंघोळ केली, सोबत आणलेलं कोरडं धोतर नेसलो. विहिरीसमोर देवळाची गजांची खिडकी आहे. तिच्यातून मला सखाराम दिसला. त्याची पाळी केव्हाच संपली होती. गळा बसत चालला होता, पाय बदलत तो उभा होता आणि पुन्हापुन्हा दाराकडे बघत होता. वीणा खाली ठेवता येत नव्हती, नाम थांबवता येत नव्हतं. हातभर अंतरावर नाना मान खाली घालून वाजवत होते.

मी जायला निघालो आणि थांबलो. गेलो असतो तर पहारा सुरळीत झाला असता, आणि मंडळ तिथेच संपलं असतं. न गेलो तर सखारामच्या पाया पडून वीणा नानांनाच घ्यावी लागणार होती. त्यातही धोका होताच. सखारामचा आवाज बंद पडला आणि नाना उठले नाहीत तर लोकांचा सप्ताह आमच्यामुळे मोडणार होता.

पाणी भरायला आलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीने मला हटकलं. "तुजी पाली हाय ना रं? मंग हितं काय करतंस?"

"धोतर वाळतंय," मी म्हणालो.

"आंगावरचा तं सुकाच हाय," ती म्हणाली आणि कळशी घेऊन निघून गेली.

आत पखवाज थांबला. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. सखारामसमोर जाऊन क्षणभर उभे राहिले, मग वाकले आणि आपल्यापेक्षा धाकट्या माणसाच्या पायांना त्यांनी हात लावला. सखारामच्या तोंडचं नाम अडखळलं, पण तुटलं नाही. त्याने वीणा काढून नानांच्या गळ्यात घातली. आता वाकायची पाळी त्याची होती. तो वाकला नाही. तसाच उभा राहिला, मग वळला आणि बाहेर आला.

विहिरीवर येऊन तो पोहरा उपसून पाणी प्याला. मला त्याने नखशिखांत न्याहाळलं.

"बरा वाटता तुका?"

"वाटतंय."

"दिसता," एवढंच म्हणून तो काठावर बसला.

आत बायकांनी नानांना अभंग म्हणायचा आग्रह धरला असावा, कारण नाना गाऊ लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना एकट्याने गाताना ऐकलं नव्हतं. आवाज जाडाभरडा, सूर वीणेच्या खाली, आणि दर ओळीला आणखी खाली. दुसऱ्या कडव्याला आत कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग आणखी कोणी. सखारामने ते ऐकलं. दसऱ्याच्या हसण्याची परतफेड आयती चालून आली होती. त्याला नुसतं बसून राहायचं होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

तो उठला. पाय धुतले, आत गेला, कोपऱ्यातले टाळ उचलले आणि नानांच्या मागे उभा राहून त्यांची ओळ उचलली. त्याचा आवाज असा चढा, पण त्याने तो नानांच्या सुराला नेऊन लावला, जिथे त्याला स्वतःला गाणं अवघड होतं. नाना घसरले की तोही तेवढाच घसरे, म्हणजे घसरणं कोणाच्या कानाला लागू नये. लय चुकली तिथे त्याच्या हाताने टाळी वाजवली नाही. थोड्या वेळाने हसणं थांबलं आणि बायका ओळ धरून म्हणू लागल्या. नानांची पाठ सखारामकडे होती, तरी त्यांना मागे कोण आहे ते समजलं होतं. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. मी खिडकीचे गज धरून उभा होतो आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

जेवून आलेला भिकोबा माझ्याजवळ थांबला. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. "नमस्कार ऱ्हायला त्या गड्याचा," तो नाराजीने म्हणाला.

"झाला," मी म्हणालो.

पुढच्या पाळीला मी आत गेलो आणि नानांकडून वीणा घेतली. संध्याकाळी माहीमच्या मंडळाने पहारा घेतला. आमटीभात आणि लापशी जेवून आम्ही बैलांचा रेकला ठरवला. संध्याकाळी दादरहून चालत निघू नका, परळपर्यंत वाट उजाड आहे. रेकलेवाला आधी जास्त सांगतो पण घासाघीस केली की खाली येतो. नाना आणि सखाराम समोरासमोर बसले होते. लालबागच्या नाक्यावर सखाराम उतरला आणि रेकल्याचा दांडा धरून उभा राहिला.

"नाना," तो म्हणाला, "तुम्ही परत गाऊ नकात."

नानांनी पखवाजाची गवसणी सारखी केली.

"आणि तू टाळी वाजवू नकोस."

"नाय वाजवूचंय," सखाराम म्हणाला आणि चाळीकडे चालू लागला.

घरी येऊन पाच दिवस झाले. लोक विचारतात, दादरला काय बघण्यासारखं आहे. मी सांगतो, माड आहेत, वारा चांगला आहे, कोळ्यांचं आदरातिथ्य मनापासूनचं आहे. भांडलेल्या माणसांना तिथे न्यावं की नाही, हे मात्र मला सांगता येणार नाही. पाया पडायच्या रीतीवर माझी सगळी भिस्त होती आणि तीच अर्धी राहिली. जे झालं ते रीतीबाहेरचं होतं, ते पुन्हा सांगून होणार नाही.

काल गुरुवार. नाना येतील की नाही या धाकधुकीत मी सतरंजी लवकरच अंथरली. नाना पखवाज घेऊन आले. मागोमाग सखाराम आला, आणि पायातलं पायताण काढता काढताच नानांना म्हणाला की गेल्या खेपेचा अभंग चढ्या लयीत घ्यायचा नाही. नाना म्हणाले, का नाही? जुंपली. थेट, समोरासमोर, दोघेही हात हलवत. माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, आज भजन आहे की मारामारी. मी दिवा लावला, वीणा गळ्यात घातली आणि भिंतीशी उभा राहिलो. भांडण काही मिटण्यातलं दिसत नव्हतं, आणि खोली माणसांनी भरली होती.