टीशर्टवरचा शब्द

गेल्या शुक्रवारपासून एका शब्दाने माझ्या डोक्यात नुसता गोंधळ घातलाय...

इथे कुवेतमध्ये, महबूला भागातल्या आम्हा काही मराठी कुटुंबांचा वीकएंडला वाळवंटात भटकायचा ग्रुप आहे. नाव 'कुवेती जिप्सी'. मीच सुचवलेलं! यंदा हौसेने टीशर्ट छापून घेतले आणि एक समोरच्या फ्लॅटमधल्या मिरेलाला नेऊन दिला. ती रोमानियाची, दातांच्या दवाखान्यात काम करते. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण.

तिने टीशर्ट उलगडला, वाचला, घडी घालून परत दिला. "मी नाही येत," एवढंच म्हणाली. मग लिफ्टमध्ये भेटली तरी नुसती मान हलवायची... माझं काय चुकलं तेच कळेना. रडूच यायला लागलं.

लेक म्हणाली, "आई, यू कान्ट से दॅट. इट्स अ स्लर." म्हणजे शिवी? अगं, पायाला भिंगरी असलेल्या माणसाला आपण कौतुकाने जिप्सी म्हणतो! नवऱ्याला तर त्या नावाची जीपच आठवली. नेटवर पाहिलं, तर काही जण हा शब्द स्वतःला अभिमानाने लावतात म्हणे. झालं, जे थोडं कळलं होतं तेही गेलं.

शेवटी न राहवून द्राक्षांचा बाऊल घेतला आणि तिची बेल वाजवली. मला कळत नाहीये, तूच सांग, असं सरळ म्हटलं.

ती रोमा आहे, म्हणजे ज्यांना जग जिप्सी म्हणतं त्या समाजातली, हे मला तेव्हा कळलं. आणि रोमा म्हणजे रोमानियन नव्हे, हेही. शाळेत तिला याच अर्थाच्या शब्दाने हाक मारून मागच्या बाकावर बसवायचे. तिचा मामा मात्र स्वतःला खुशाल तेच म्हणवतो.

"त्याने म्हटलेलं चालतं मला. छातीवर छापलेलं नाही," ती म्हणाली.

बोलता बोलता तिने बाऊलमधलं एक द्राक्ष उचललं. "माझी आजी याला द्राख म्हणायची."

मी उडालेच. मी नाशिकची हो! मग तिच्या रोमा भाषेत नाकाला 'नाख', कानाला 'कान', पाण्याला 'पानी'... त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्या भारतातूनच तिकडे गेले म्हणे! आम्ही दोघी एकमेकींच्या नाकाकानाला बोट लावत वेड्यासारख्या हसत बसलो. माझी मैत्रीण मला परत मिळाली.

ग्रुपला नवीन नाव हवंय, सुचवा. उरलेले टीशर्ट फरशी पुसायला काढावेत असं नवरा म्हणतो... पण त्यांच्यावर तो शब्द आहे. आता त्याने फरशी पुसायलाही माझा हात धजत नाही.