डाव्या दारातला स्पीकर

आज कळमनुरीत आमच्या जुन्या गाडीला नवे स्पीकर बसत होते. सोल्डरिंगच्या धुराचा वास आला आणि ताईचं गोरेगावचं अंगण आठवलं. पंधरा वर्षांपूर्वी दाजींनी अशाच जुन्या गाडीला नवा स्पीकर बसवला होता, पण फक्त डाव्या दारात.

"दाजी, एकच काहून?" मी हसून विचारलं.

"तुझ्या ताईला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई. अन् बसती ती डावीकडं."

ताई लाजून घरात गेली. मी वरून हसत राहिले, आतून जळत होते.

आज मिस्त्रीनं आमच्या ह्यांना विचारलं, "आवाज कुण्या बाजूला जास्त ठेवू?"

"माझ्या," हे म्हणाले.

मला पुन्हा ताईच्या त्या बहिऱ्या कानाचा हेवा वाटला.