दोघांत मिळून एक नाक

शेजारचे काका गाडीच्या दारात थांबायचे, उजव्या हाताचं बोट नाकपुडीला लावायचे आणि काकूंकडे बघून एकच शब्द विचारायचे, "वास?"

काकू आत डोकं घालून हुंगायच्या. त्या "नाही हो" म्हणाल्या, की मगच काका लायटर हातात घ्यायचे.

त्या वर्षांत तुम्ही इंदिरानगरात राहत असाल, तर त्यांची गाडी तुम्ही नक्की पाहिली असणार. जुनी मेटाडोर, आतली बाकं काढून घर केलेली. झोपायला फळ्या, टपावर पाण्याची टाकी, खाली सांडपाण्याचा कॅन, मागच्या कप्प्यात छोटं सिलिंडर. कॉलनीत सगळे तिला 'बिऱ्हाड' म्हणत. काकांना ते आवडायचं नाही, पण ते कुणाला काही बोलले नाहीत.

काकांची सगळी नोकरी सातपूरला, प्लेटिंगच्या एका कारखान्यात क्रोमच्या टाक्यांवर झाली. त्या वाफांनी त्यांचं नाक कायमचं गेलं होतं. घरात फोडणी करपली तरी त्यांना ती डोळ्यांनीच कळायची. आणि काकूंनी सटाण्याचं माहेर सोडलं तर दुसरं गावच पाहिलं नव्हतं. त्यांना हॉटेलचं चालत नसे, त्यामुळे कुठे जायचं म्हटलं की चहापासून अडायचं. काका निवृत्त झाले आणि त्यांनी काकूंची चूलच चाकांवर चढवली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ही बाई पहिल्यांदा हिंडायला लागली होती. परत आल्या की आठवडाभर आमच्या घरी येऊन सांगत बसायच्या.

गाडीत बसायचं तर आधी शिकवणी. माझीही झाली. एक बॅटरी इंजिनाची, दुसरी घरातल्या दिव्यापंख्याची, आणि दुसरी उतरली तरी पहिलीला हात लावायचा नाही. डाव्या नळाचं पाणी प्यायचं, उजव्याचं हात धुवायला. "पाणी सांडलं तर पुसता येतं," काका म्हणायचे, "दिवे गेले तर अंधारात बसता येतं. गॅस मात्र दुसऱ्यांदा संधी देत नाही." सिलिंडर बाहेरून उघडायचं, निघताना बाहेरून बंद करायचं, आणि उघडलं की प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते बघायचं. हे साबणाचं काम ते अलीकडे फारच मन लावून करायला लागले होते. मी त्यावरून त्यांची थट्टाही करत असे.

एका हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर सटाण्याला निघालो. वणीला पहिला चहा झाला. काकांनी सिलिंडर बंद केलं, मग काकूंनी शेगडी पुसून लख्ख केली. कळवणच्या पुढे पुन्हा थांबलो. वारं बोचरं होतं म्हणून खिडक्या बंदच होत्या. काकांनी मागे जाऊन सिलिंडर उघडलं, साबण लावला, निवांत तपासलं. काकू उन्हात बसून आलं ठेचत होत्या. मी लघवीला जाऊन आलो.

काका दारात उभे राहिले. बोट नाकाला. "वास?"

काकू उठल्या, डोकं आत घातलं. "नाही हो."

काकांनी लायटर उचलला. मी त्यांच्या मागून पायरीवर पाय ठेवला आणि तो वास माझ्या थेट घशात गेला.

"काका, थांबा. गॅस आहे."

त्यांचा अंगठा लायटरवर होता. तो तिथेच राहिला. त्यांनी लायटर हळूच खिशात घातला.

"हिला घेऊन लांब जा," ते म्हणाले. "पंख्याच्या बटणाला हात लावू नका कोणी."

मी काकूंचा दंड धरून त्यांना बाभळीपाशी नेलं. काकांनी सिलिंडर बंद केलं, दोन्ही दारं सताड उघडली, खिडक्या एकेक सरकवल्या. मग आत वाकून शेगडी पाहिली. डावं बटण अर्धवट उघडं होतं. वणीला पुसताना फडक्याबरोबर फिरलं असावं.

गाडीतून वारं वाहून जाईपर्यंत आम्ही तिघं बाभळीपाशीच थांबलो.

मग काकू म्हणाल्या, "गेल्या दिवाळीपासून माले कसलाच वास येत नाही." घाबरल्या की त्यांच्या तोंडी माहेरची बोली यायची. "सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकून टाकली असती."

"माहीत होतं मला," काका म्हणाले. "नासलेल्या दुधाचा चहा दिलास, तेव्हाच कळलं."

"मग रोज विचारत कशाला होतात?"

"विचारायचं थांबलो असतो, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं." ते रस्त्याकडेला खाली बसले. "म्हणून साबण लावत होतो. साबण जोड दाखवतो गं, उघडं राहिलेलं बटण नाही दाखवत."

मला त्या दोघांचा भयंकर राग आला होता. एकमेकांचं हिंडणं मोडू नये म्हणून ही दोन म्हातारी माणसं मरायला निघाली होती.

"आता घरी जायचं का?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

काका उठले. रेग्युलेटर काढला, सिलिंडरला टोपण लावलं आणि शेगडीची नळी सुरीने कापून टाकली.

"चहा सटाण्यात पिऊ," ते म्हणाले.

त्यानंतर गाडीत गॅस कधी आला नाही. ज्या काकूंना हॉटेलचं चालत नव्हतं, त्या पुढे ढाब्यावर बसून शेवभाजीला नावं ठेवत ती पुसून खायला लागल्या. दोघं पार गुजरातपर्यंत जाऊन आले.

काका गेले ते घरीच, दुपारच्या झोपेत. गाडी वर्षभर फाटकाशी उभी होती. मग काकूंच्या भाच्याने ती घेतली, तो न्यायला आला त्या सकाळी कॉलनीतले आम्ही चारचौघं उगाचच खाली उतरलो.

"मावशी, चला की सटाण्याला," तो म्हणाला. काकू पिशवी भरून तयारच होत्या. त्या पुढे, आपल्या नेहमीच्या जागेवर चढून बसल्या.

भाचा उंचीने लहान. त्याने बसल्या बसल्या काकांच्या उंचीला लावलेला वरचा आरसा खाली वळवला. काकूंनी तेवढ्यापुरतं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग गाडी निघाली.