वरच्या मजल्यावरचा रुपया

राहुरीत आमच्या वरच्या मजल्यावर पाटबंधारे खात्यातले एक कारकून राहतात. त्यांना राणीछाप रुपये जमवायचा नाद आहे. मोबाईलवर फोटो बघून मागवतात आणि कुरिअर आलं की रुपया आधी फरशीवर टाकून बघतात. खरी चांदी खणखणते. त्यांचे बहुतेक रुपये बद्द वाजतात, आणि ते खाली आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. कुरिअरवाला जिना चढला की माझा हातातला घास हातातच राहतो.

फसवणाऱ्याला ते कधी शिव्या देत नाहीत. "त्यालाबी कुनीतरी तसाच दिला आसंल," म्हणतात, आणि तो खोटा रुपयाही मऊ फडक्यानं पुसून डबीत ठेवतात.

मागच्या महिन्यात कुरिअर आलं, पण वरून आवाजच आला नाही. बराच वेळ वाट पाहून मी वर गेलो. ते रुपया मुठीत धरून बसले होते.

"ह्यो शेवटचा म्हनून घेतलाय," म्हणाले. "तुमीच टाका. माज्यानं न्हाई व्हत."

रुपया माझ्या हातात देऊन ते मोरीत गेले आणि त्यांनी नळ पूर्ण सोडला. मी रुपया टाकला. बद्द वाजला. उचलून टेबलावर ठेवला. नळ बंद करून ते बाहेर आले, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता फडकं घेतलं.

काल कुरिअरवाला पुन्हा जिना चढताना दिसला. मी स्वयंपाकघरात जाऊन आमचा नळ सोडला.