जेट्टीवर लिलाव कोण पुकारतं?

चौतीस वर्षांच्या नोकरीतले खून-दरोडे आता मला तारीखवार आठवत नाहीत. बायको म्हणते, बरंच आहे. पण पौषातल्या एका धुक्याच्या सकाळी ऐकलेला आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही आणि त्याच्यामागून ते सगळं प्रकरणही. गुन्हा म्हणाल तर त्यात काहीच नव्हता. म्हणूनच कदाचित विसरलो नसेन.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना माझी बदली रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्यात झाली. ठाण्याच्या मागच्या खिडकीतून आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट दिसायची. वादळात पडलेले माड अजून तसेच आडवे होते, त्यांच्यावर वेली चढल्या होत्या. बारा-तेरा वर्षांपूर्वी सहायक निरीक्षक असताना मी याच ठाण्यात वर्षभर होतो, त्यामुळे गाव नवं नव्हतं. दुपारी डुलकी येईल इतकीच कामं. शेवटची दीड वर्षं अशीच समुद्राकडे बघत निघून जातील, असा माझा गोड समज होता.

एका सकाळच्या टपालात निनावी अर्ज आला. निनावी अर्ज प्रत्येक ठाण्यात येतात. निम्मे भावकीचे, निम्मे शेजाऱ्याच्या झाडाचे. हा वहीच्या फाडलेल्या पानावर होता आणि त्यात दोनच ओळी होत्या: "जेट्टीवर लिलावाचा परवाना ज्याच्या नावावर आहे तो माणूस चार वर्षं एक शब्द बोललेला नाही. मग लिलाव कोण पुकारतं?"

ठाणे अंमलदार वाचून हसला. "भुताटकी दिसते, साहेब." मला हसू आलं नाही, कारण त्याच परवान्याच्या नूतनीकरणाची चारित्र्य पडताळणी माझ्या टेबलावर पडून होती आणि महिनाअखेरपर्यंत माझा अहवाल जायला हवा होता.

मासळीचा लिलाव पुकारायला वाटेल त्याला उभं राहता येत नाही, हे मलाही त्या फायलीतूनच कळलं. जेट्टीचा कारभार बघणाऱ्या समितीचे नियम कडक होते. पुकारणारा स्थानिक रहिवासी हवा. त्याने किंवा त्याच्या घरच्या कुणीही त्या लिलावात माल घ्यायचा नाही. दोन जामीनदार, अनामत, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. नावावर गुन्हा असला तर अर्ज तिथेच थांबला. परवाना एका घरात एकच, आणि ज्याच्या नावावर आहे त्यानेच पुकारायचं. दुसऱ्याला देता येत नाही. मी पोलिसात लागलो तेव्हाही मला एवढे कागद लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत जेट्टीवर गेलो. सात वाजले असतील. खाडीवर असं धुकं होतं की होडी दिसण्याआधी तिचं इंजिन ऐकू यायचं, आणि इंजिन बंद झाल्यावर ती अलगद, आपोआप, समोर येऊन उभी राहायची. जेट्टीच्या टोकाला एक चौकोनी दगड आहे. त्यावर साठीचा एक उंच, वाळका माणूस उभा होता. त्याच्यासमोर पाट्या मांडल्या होत्या: पापलेट, कोळंबी, एका पाटीत एकटा भला मोठा जिताडा. भोवती घेणारे. आणि त्या सगळ्यांवरून एक आवाज तरंगत होता. खर्जातला, घोगरा, शेवटचं अक्षर लांबवत नेणारा. आकडा वर चढायचा तसा आवाजही चढायचा आणि मग एकदम पाण्यात दगड पडावा तसा थांबायचा.

घेणारे मात्र बोलत नव्हते. तिथली पद्धतच तशी आहे. बोली तोंडाने लावायची नाही, खुणेने लावायची. एक जण कानाची पाळी ओढतो, एक पाटीच्या काठाला अंगठा टेकवतो, एक म्हातारी नुसती भुवई उचलते. शेजारच्याला आपली बोली कळू नये, फक्त पुकारणाऱ्याला कळावी. पुकारणारा आकडा मोठ्याने सांगतो, माणूस सांगत नाही. या एवढ्या खुणा लक्षात ठेवायला आणि हेरायला जी नजर लागते, ती आमच्या खात्यात मी दोन-तीन जणांकडेच पाहिली.

दगडावरच्या माणसाचे ओठ हलत होते. आवाज येत होता. तरी का कोण जाणे, दोन्ही एकमेकांना चिकटत नव्हते. धुक्यामुळे असेल म्हणून मी डोळे चोळले. मग शेजारच्या कोळणीला सहज विचारलं, "पुकारतंय कोण?"

"त्योच की," ती पाटीकडे बघत म्हणाली. "आनि कोन?"

आणखी तिघांना विचारलं. तिघांचं उत्तर तेच आणि तिघांची नजर पायाकडे. माझा अनुभव असा, की स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस तुमच्या डोळ्यांत रोखून बघतो. दुसऱ्यासाठी खोटं बोलणारा खाली बघतो. सगळी जेट्टी खाली बघत होती.

नव्या फौजदारांना मी एकच गोष्ट शिकवायचो: समोरून पाहिलेली जागा एकदा मागूनही बघा. दोन दिवसांनी भल्या सकाळी एका होडीत बसून मी पाण्याच्या बाजूने गेलो. इंजिन बंद करून होडीवाल्याने वल्ह्याने आम्हाला जेट्टीच्या पाठीमागे नेलं. कसलाच आवाज नव्हता, फक्त पुकारा. आपण जागे आहोत की नाही, असं वाटायला लावणारी ती शांतता होती.

दगडावरच्या माणसाचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि त्याची बोटं हलत होती. एक बोट, तीन बोटं, मूठ, पुन्हा दोन बोटं, सतार वाजवणाऱ्याची चालावीत तशी भराभर. त्याच्या पाठीमागे, दगडाच्या आडोशाला, उपड्या पाटीवर एक बाई बसली होती. डोक्यावरून टॉवेल, हातात मांदेली निवडण्याचं काम, नजर त्या बोटांवर. तोंड उघडं. आवाज तिचा होता.

मी थक्क होऊन बघतच राहिलो. सरकारी नोकराने असं म्हणू नये, पण इतकं सुंदर बेकायदेशीर काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याच दुपारी मी नवरा-बायकोला ठाण्यात बोलावलं. गाडी पाठवली नाही. बीट हवालदाराकरवी निरोप दिला, म्हणजे गावात बोभाटा होणार नाही. महिला शिपाई बसवली, चहा मागवला. पन्नाशीची बाई, अंगाने थोराड. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"नाव सांगा," मी त्याला म्हणालो.

नाव बाईने सांगितलं.

"तुम्ही नाही बाई, त्यांनी सांगायचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. सुस्कारा टाकावा तसा नुसता वारा बाहेर आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वारा. मग त्याने मान खाली घातली. मी तीन दशकं माणसांना बोलतं करण्यात घालवली होती. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

"गल्यात गाठ झालती," बाई म्हणाली. "मुंबैला नेऊन काढली. जीव ऱ्हायला, आवाज गेला. पन डोले हायती ना, सायेब. कोन किती बोलतंय ते ह्यांच्याबिगार कुनाला दिसत नाय. मना तर नाय दिसत. मी निसती वरडते."

"परवान्यात लिहिलंय, ज्याच्या नावावर आहे त्यानेच पुकारायचं."

"ठावं हाय."

"मग तुम्ही स्वतःच्या नावाने अर्ज का केला नाही?"

तिने चहाचा कप बाजूला सारला. तिच्या नजरेत राग होता आणि तो जुना होता.

"आलते मी. चार वर्सांखाली, हितंच, ह्याच टेबलापाशी दाखला मागाया. तुमच्या मानसानं वही उघडली नि मोठ्यानं बोलला, बाई, तुमच्या नावावर गुना हाय, दाखला बिखला नाय मिलनार. हितं लोक बसलं व्हतं. माझ्या लेकीची सासू व्हती. तवापासून तिनं माझ्या हातचं पानी नाय घेतलं."

"कसला गुन्हा?"

"जेट्टीचा रस्ता बंद केलता तवा आमी बाया रस्त्यावर बसलो व्हतो. अकरा जनी. कोडतानं सोडलं आमाला. पन तुमची वही सोडत नाय."

आता माझ्यापुढे काय होतं ते सांगतो. मी खरं लिहिलं तर परवाना जाणार, आणि दगडावर येणार तो त्याच परवान्यासाठी टपून बसलेला दुसरा अर्जदार. त्याचा भाऊ त्याच लिलावात माल घेत होता आणि हे गावात सगळ्यांना माहीत होतं. निनावी अर्जाचं अक्षर कुणाचं असेल याचा अंदाज मला आला होता, पण अर्जातली गोष्ट खरी होती. शत्रूने सांगितली म्हणून ती खोटी ठरत नाही. मी खोटं लिहिलं, तर मग वर्दीचा उपयोग काय?

आधी जबाब घेतले. दगडाभोवती रोज उभ्या राहणाऱ्या घेणाऱ्यांना एकेक करून बोलावलं आणि सरळ विचारलं. आता लपवण्यात अर्थ नाही, हे कळल्यावर सगळे मोकळेपणाने बोलले. "आमी तिचाच आवाज आयकतो, सायेब. त्यो दगडावर हाय म्हनून तिकडं बगायचं, इतकंच." फसवणुकीच्या गुन्ह्यात कुणीतरी फसलेला लागतो. इथे फसलेला एकही नव्हता. निनावी अर्ज मी जबाबांसह दप्तरी दाखल केला. दाखल्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

गुन्हे नोंदवही काढली. रस्त्याचं प्रकरण सापडलं. अकरा नावं, कलमं आणि 'निकाल' या रकान्यात काहीच नाही. रकाना कोरा, म्हणजे आमच्या लेखी खटला अजून चालू. कोर्टाने सोडलं असेल तर निकालाचं पत्र ठाण्यात आलंच असणार. हवालदार आणि मी दोन दिवस जुने गठ्ठे सोडत होतो. कसरीने खाल्लेले कागद, झुरळं, वादळात भिजून सुकलेली पानं. तिसऱ्या दिवशी पत्र मिळालं, कसल्याशा टेहळणीच्या अहवालांच्या गठ्ठ्यात. अकराही जणी निर्दोष. पत्राच्या कोपऱ्यात निळ्या शाईत शेरा होता: 'पाहिले. वहीत नोंद घ्यावी.'

खाली माझी सही होती.

बारा वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात माझी या ठाण्यातून बदली झाली होती. सामान बांधायच्या घाईत पत्र कुणाच्या तरी हातात द्यायचं राहिलं असेल, किंवा मीच ते चुकीच्या गठ्ठ्यात खुपसलं असेल. मला काहीच आठवत नव्हतं. आठवायला काही घडलंच नव्हतं ना! एका माणसाने एका कागदावर सही केली आणि तो जेवायला गेला.

हवालदार दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, जुनी तारीख टाकून नोंद करून टाकू. कोण बघतंय?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू? निवृत्तीला वर्ष उरलेलं. पण मी नोंद आजच्या तारखेने केली, उशिराचं कारण माझ्या नावानिशी लिहिलं आणि वरिष्ठांना कळवलं. त्याबद्दल मला ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे.

मग बाईच्या दारात गेलो. ती जाळ्याच्या ढिगाशेजारी बसली होती, नवरा बोंबील वळणीवर टाकत होता. मी उभ्यानेच सांगितलं. तुमच्या नावावर गुन्हा नाही. कधीच उरला नव्हता. नोंद राहिली ती माझ्यामुळे. दाखला उद्या मिळेल. ह्यांचा परवाना समितीकडे जमा करा आणि तुमच्या नावाने अर्ज करा. तुमची बोटांची पद्धत मी अहवालात आहे तशी लिहिली आहे. बाजूला उभं राहून खुणा सांगायला नियमाची आडकाठी नाही.

मला वाटलं होतं, ती खूश होईल. म्हणजे, मला ते हवं होतं. तिने शेजारचं जाळं मांडीवर ओढलं.

"दाखला कागदावर देनार तुमी," ती म्हणाली. "गुना हाय म्हनून बोलले ते मोठ्यानं बोलले व्हते. चार लोकांत."

"हो."

"मंग गुना नाय हे पन चार लोकांत बोला. जेट्टीवर."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हातातला बोंबील खाली ठेवला आणि मान डोलावली.

आठवडाभराने तिचा परवाना झाला. पहिल्या लिलावाच्या सकाळी मी गणवेशात जेट्टीवर गेलो. पुन्हा तेच धुकं. होड्या लागलेल्या, पाट्या मांडलेल्या, घेणारे गोळा झालेले. तिच्या लेकीची सासूही आली होती. तिला निरोप मीच पाठवला होता. बाईने दगडाकडे हात केला. मी बूट घातलेले, निसरडा दगड, चढताना पाय सटकला. कुणी हसलं नाही, हे आणखी वाईट.

वर उभा राहिलो. मोर्च्यांसमोर लाऊडस्पीकरवरून ओरडलेला माणूस मी. पण घशातून धड आवाज फुटेना. काहीतरी पुटपुटलो.

"आयकू नाय येत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पोटातून, सायेब," दगडाच्या पायथ्याशी उभी असलेली ती म्हणाली. "गल्यातून नाय. पोटातून काडा."

मी छातीत वारा भरून घेतला. तिचं नाव पुकारलं, पूर्ण, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावासकट. हिच्यावर कसलाही गुन्हा नाही. कोर्टाने हिला आणि दहा जणींना निर्दोष सोडलं होतं. ठाण्यात त्याची नोंद झाली नाही, ती चूक माझी होती. माझंही नाव सांगितलं. आवाज धुक्यात गेला, पलीकडे कुठेतरी पाण्यावर आपटला आणि परत आला. ते ऐकताना मला कळलं की, चारचौघांत घेतलेला आळ कागदावर पुसला जात नाही. तो तितक्याच मोठ्याने परत घ्यावा लागतो, आणि हे शिकायला माझी जवळजवळ सगळी नोकरी गेली.

लेकीची सासू हळूहळू पुढे आली आणि बाईच्या शेजारी उभी राहिली. नवऱ्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, लपवत नाही. मी अजून काही बोलावं का, बोलायचं तर काय, असा विचार करत तसाच उभा होतो.

बाईने टॉवेल कमरेला खोचला.

"झालं, सायेब," ती म्हणाली. "आता उतरा. म्हावरं खराब व्हतंय."